‘रिलिक्ट’ला मराठीत काय म्हणावे?

शब्दवेडी : माझ्या सुनेचे माहेर स्कॉटलंडमधले आहे. तिच्या घराण्याची वंशावळ तिच्या आजेसासूबाईंना वाचता यावी, म्हणून मी ती मराठीत लिहीत आहे. तिकडे सरकारी जन्ममृत्यूनोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्याआधीची माहिती चर्चच्या जुन्या नोंदवह्यांत शोधावी लागते आणि त्यांची पाने ‘स्कॉटलंड्सपीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. अशाच एका पानावर, दफनाच्या नोंदीत, बाईचे आडनाव फ्रेझर आहे आणि पुढे ‘रिलिक्ट’ असे लिहून मन्रो आडनावाच्या नवऱ्याचे नाव दिले आहे. मी सरळ ‘विधवा’ असे लिहिले, तेव्हा सासूबाईंनी विचारले, ‘‘मग हिचे आडनाव निराळे कसे? हिने दुसरा घरोबा केला होता का?’’

दप्तरी : स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही कागदोपत्री बाईचे माहेरचे आडनाव टिकत असे, थडग्यांवरही ते कोरलेले आढळते. ‘रिलिक्ट’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘मागे राहिलेली’ एवढाच आहे. आपल्या निधनवार्तांतला ‘पश्चात’ त्याला सर्वांत जवळचा वाटतो.

निवृत्त तलाठी : जुन्या फेरफारांत ‘सखूबाई कोम रामजी’, म्हणजे रामजीची बायको सखूबाई, अशी नोंद मी असंख्य वेळा वाचली आहे. आधी बाईचे नाव, मधे दुवा, मग नवऱ्याचे नाव, अशी रचना त्या दफननोंदीतही दिसते. नवरा वारला असेल, तर त्याच्या नावाआधी ‘मयत’ लिहावे. तिकडच्या आडनावांतला ‘मॅक’ म्हणजेही आपल्या कागदांतला ‘बिन’च, म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’, आहे.

मराठीप्रेमी : ‘कोम’, ‘बिन’ आणि ‘मयत’ हे तिन्ही शब्द अरबी आहेत. असे शब्द बाजूला सारण्यासाठी शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचला गेला, आणि आपण ते एका नव्या वंशावळीत परत आणायचे का? विधवेसाठी ‘गंगाभागीरथी’ हा आपला आदराचा शब्द आहे.

शब्दवेडी : प्रेस्बिटेरियन, म्हणजे तिकडच्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथातल्या, बाईला गंगाभागीरथी म्हणणे मला पटत नाही. शिवाय तो शब्द नवऱ्याच्या नावाशी दुवा जोडत नाही.

निवृत्त तलाठी : ज्या शब्दाने आमच्या गावातल्या बायकांची नावे जमिनीच्या कागदांवर पिढ्यान्‌पिढ्या नोंदली गेली, तो शब्द परका कसा म्हणावा?

इनव्हर्नेसकर : ‘मॅक’विषयी मात्र माझा आक्षेप आहे. ‘बिन’नंतरचे नाव दर पिढीला बदलते, ‘मॅक’ आडनावात गोठून गेला, त्यामुळे मॅकडोनाल्डच्या बापाचे नाव डोनाल्ड असेलच असे नाही. गेलिक या तिकडच्या जुन्या भाषेत तर मुलीच्या आडनावाला ‘मॅक’च्या जागी ‘निक’ लागते.

मराठीप्रेमी : म्हणजे ‘बिन’ बाद झाला. ‘कोम’चेही तसेच करावे.

शब्दवेडी : काल सासूबाईंनी माझ्या कच्च्या कागदावर त्या नावापुढे पेन्सिलीने लिहिले आहे : ‘फ्रेझरांची लेक, मन्रोंकडे दिलेली.’ मला ते फार आवडले आहे आणि तेच ठेवावे असे वाटते.

निवृत्त तलाठी : आडनावाचा घोळ त्याने सुटला, हे मान्य आहे, पण त्यात नवरा वारल्याचे कुठे आले?