मदत हवी आहे: पावसाळ्यानंतर गॅस ग्रिलच्या नॉबमागे ज्योत दिसते

शापोराकाठ

घर मोरजीला, समुद्राच्या अगदी जवळ. मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली तीन बर्नरचं परदेशी बनावटीचं ग्रिल आहे, १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरवर चालतं. जूनपासून कव्हर घालून बंद होतं. आता पेटवल्यावर डावा बर्नर ठीक. मधला अर्धाच पेटतो, ज्योत पिवळी. उजवा उशिरा 'भप्' करून पेटतो आणि पॅनेलच्या आत, नॉबच्या मागे ज्योत दिसते. लगेच बंद केलं. जाळी बिडाची आहे, ती गंजली आहे. स्टीलवर तपकिरी ठिपके आहेत. सफाई कुठून सुरू करू? नळी, रेग्युलेटर बदलायला हवेत का? जाणकारांनी सांगावं.

चिरेबंदी

आधी एक: उजवा बर्नर उघडून साफ होईपर्यंत ग्रिल पेटवू नका, डावासुद्धा नको. नॉबमागची ज्योत म्हणजे गॅस बर्नरमध्ये पूर्ण शिरत नाही, नळीच्या तोंडाशीच उलटा बाहेर पडून तिथे जळतोय. पुढची पायरी म्हणजे रबरी नळी वितळणं.

कारण बहुतेक वेळा किडे. बर्नरच्या नळीचं तोंड हवा घेण्यासाठी उघडं असतं. पावसाळ्यात कोळी आत जाळं विणतो, कुंभारमाशी मातीचं घर बांधते. मधल्या बर्नरची पिवळी ज्योतही त्यातलीच, हवा कमी पडते म्हणून.

सिलिंडर बंद करा, रेग्युलेटर काढा, व्हॉल्व्हवर टोपी लावा. जाळी आणि तिच्याखालची उलट्या व्ही आकाराची पत्र्याची झाकणं काढा. बर्नर मागच्या टोकाला एका स्क्रूने किंवा पिनेने धरलेला असतो. तो सोडवून बर्नर वर उचलत मागे ओढा. एका टोकाला टॉर्च लावून दुसऱ्या टोकातून बघा. लांब दांड्याच्या बाटली धुवायच्या ब्रशने आतून घासा, मग उलटा धरून आपटा. वरची भोकं ब्रशने आडवी घासा; लांबीच्या दिशेने घासलं की कचरा एका भोकातून निघून दुसऱ्यात बसतो. बुजलेलं भोक बारीक तारेने मोकळं करा, पण मोठं करू नका. बर्नर धुतलात तर पूर्ण वाळवूनच बसवा.

नॉबमागच्या व्हॉल्व्हच्या टोकाला पितळेचा जेट, म्हणजे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड दिसेल. त्यात सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक वाढतं आणि गॅस जास्त येतो. बर्नर परत बसवताना नळीचं तोंड जेटवर नीट चढलंय ना, ते खाली वाकून डोळ्यांनी बघा. हेच बहुतेकांकडून चुकतं, आणि मग साफ केलेल्या बर्नरमागेही ज्योत येते.

निळी_ज्योत

चिरेबंदींशी सहमत. रेग्युलेटरबद्दल थोडं.

घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर साधारण ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतो. अमेरिकी प्रोपेन ग्रिल ११ इंच पाण्याच्या दाबासाठी असतं, म्हणजे सुमारे २८. जवळपास तेच, म्हणून चालून जातं. भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर मात्र कुणी कितीही 'आग जोरात येते' म्हणून दिला तरी लावू नका.

नळी आयएसआय चिन्हाची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी घ्या. पाच वर्षांनी बदलायचीच. चीर, फुगवटा किंवा उंदराचे दात दिसले तर आजच. ती ग्रिलच्या तळाला टेकता कामा नये.

गळती तपासायला कपभर पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला. ग्रिलचे सगळे नॉब बंद, सिलिंडर चालू. प्रत्येक जोडावर ब्रशने लावा. बुडबुडे आले की सिलिंडर बंद. काडी पेटवून बघायची सवय काही लोकांना अजून आहे, ती सोडा. रेग्युलेटर बसतो तिथेच फेस आला तर सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधलं रबरी वायसर खराब, एजन्सीला कळवा. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

शेडला पावसासाठी बांधलेलं प्लास्टिक किंवा झावळ्यांची झापं असतील तर आधी उतरवा. एकतर ती पेटतात, दुसरं म्हणजे एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने आडोशाला जमिनीलगत साचतो.

माडवळ

जाळीचा गंज वरवरचा असेल तर जातो. साबणपाण्याने घासा, लगेच कोरडी करा, रिफाइंड तेलाचा पातळ हात फिरवून तापवा. खोबरेल नको, लवकर धूर करतं. तारेचा ब्रश टाळा, तुटलेली तार जाळीला चिकटून माशाबरोबर पोटात जाते. आपल्याकडे सोडण आहेच की! नारळाच्या सोडणाचा तुकडा ओला करून कोमट जाळीवर घासला की रेशादची (माशाला लावायच्या आपल्या गोव्याच्या मसाल्याची) जळकी साखर सुटते. रेशाद, व्हिनेगर, मीठ रात्रभर जाळीवर ठेवू नका.

ठिपके खाऱ्या हवेतल्या क्लोराइडचे. साध्या पाण्याने पुसून, सौम्य साबणाने स्टीलच्या रेषांच्या दिशेने घासा. लोखंडी घासणी वापरली तर तिचे कण अडकून नवे ठिपके येतात. ब्लीच, बाथरूमचं ॲसिड अजिबात नको. अॅल्युमिनियमच्या भागावर कॉस्टिकचा ओव्हन क्लीनर नको.

शापोराकाठ

सगळ्यांचे आभार. उजव्या नळीत मातीचं घर निघालं. मधल्याची नळी मोकळी आहे, पण दोन भोकं गंजून एकमेकांत मिसळलीत. वेल्डिंग करून चालेल?

चिरेबंदी

नाही, बदला. तिथून ज्योत उंच येऊन एकाच जागी तापतं. नवा घेताना लांबी, नळीच्या तोंडाचा व्यास आणि स्क्रूची जागा मोजून न्या, शक्यतो जुना बर्नरच बरोबर घ्या. ३०४ ग्रेडचं स्टील मागा. समुद्रकाठी ४३० स्वस्त पडतं पण लवकर गंजतं.

पेटवताना झाकण उघडंच हवं. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबा. 'भप्' होतं ते साचलेल्या गॅसमुळे. स्पार्क येत नसेल तर बॅटरी आणि इलेक्ट्रोडवरची काजळी बघा. ज्योत निळी, टोकाला किंचित पिवळी चालेल. सगळीच पिवळी राहिली तर नळीच्या तोंडाशी हवेची पट्टी असल्यास तिचा स्क्रू सैल करून थोडी उघडा.

तेलाचा ट्रे विसरू नका, दर वापरानंतर रिकामा. तेल पेटलं तर पाणी टाकू नका. नॉब बंद, झाकण बंद, आणि हात पोचत असेल तरच सिलिंडर बंद. नाहीतर लांब जा आणि १०१ लावा.

निळी_ज्योत

पुढच्या पावसाळ्याआधी बर्नर काढून कागदात गुंडाळून घरात ठेवा. बॉडी पूर्ण थंड आणि कोरडी झाल्यावरच कव्हर घाला. सिलिंडर वेगळा, उभा आणि उघड्या जागी ठेवा.