आयोवातील सू काउंटीच्या लोकसंख्यावाढीविषयी मदत हवी आहे

नमस्कार. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील अनेक ग्रामीण काउंट्यांची (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागांची) लोकसंख्या घटत असताना आयोवा राज्याच्या वायव्य भागातील सू काउंटीची लोकसंख्या मात्र २०१० मधील ३३,७०४ वरून २०२० मध्ये ३५,८७२ वर गेली. याची कारणे मला समजून घ्यायची आहेत. वराहपालन, दुग्धव्यवसाय, १८७० मध्ये आयोवातीलच पेला गावाहून आलेल्या डच कुटुंबांनी चर्चभोवती उभारलेले समाजजीवन आणि याच काउंटीतील ऑरेंज सिटी व सू सेंटर या गावांतील उच्चशिक्षणाच्या संस्था ही कारणे सहज सांगितली जातात (ऑरेंज सिटीतील डच परंपरेच्या ट्यूलिप महोत्सवाचे कौतुक तर हमखास होते), परंतु लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कामगार कुटुंबांचा वाटा त्यांत कमी लेखला जातो, असे माझे मत आहे. त्या परिसरात राहिलेल्या किंवा शिकलेल्या सदस्यांनी घरांची उपलब्धता, शाळांची पटसंख्या आणि तरुणांचे परतणे यांविषयी प्रत्यक्ष पाहिलेले कृपया कळवावे.