दिवाळी अंकाचे पैसे कापले, अंक कुठाय?

प्रेषक: अण्णा, कॉव्हेंट्री
धनत्रयोदशी, शनिवार रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार.

काल वसुबारसेला संध्याकाळी मंडळाच्या साईटवरून जोडअंक मागवला. छापील अंक, पीडीएफ आणि ऑडिओ मिळून १४ पौंड. पैसे दोन मिनिटांत कापले गेले, बँकेचा मेसेजही आला. मग मंडळाची मेल आली, 'तुमची ऑर्डर प्रोसेसिंगमध्ये आहे'. चोवीस तास उलटले, अजून प्रोसेसिंगच चालू आहे. छापील अंक पोस्टाने येणार, त्याला वेळ लागेल हे मला कळतं. पण पीडीएफला काय पोस्टमन लागतो?

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाच्या ताटाशेजारी अंक लागतो. आमच्याकडे चकल्या तळून झाल्या. अंकाचं बघा जरा.

अण्णा

प्रेषक: म्युनिकची एक सभासद
शनिवार रात्री १०.१५

अण्णा, तुम्ही एकटे नाही. मी फक्त ई-अंक घेतला, तरी पैसे भरताना घरचा पत्ता मागितला आणि वर साडेतीन पौंड टपालखर्च लावला. मला वाटलं, छापील अंकही पाठवतायत वाटतं, किती चांगलं मंडळ! म्हणून भरले. आता ना छापील, ना ई.

प्रेषक: काकू, लेस्टर
शनिवार रात्री १०.३२

मला लिंक आली होती बाई, पण स्पॅममध्ये जाऊन पडलेली. सगळ्यांनी आधी तिथे बघा. मी साईटवर कार्ड न वापरता खजिनदारांच्या खात्यात बँक ट्रान्सफर केला होता आणि त्यांनी आतून काहीतरी दाबलं, म्हणून आली असेल. आता लिंक उघडते, पण फाईल अर्ध्यावर येऊन बंद पडते. तीनदा केलं. आता 'मर्यादा संपली' म्हणतंय.

प्रेषक: वेबसाईटवाला
शनिवार रात्री ११.०५

अण्णा, म्युनिककर, काकू, सॉरी. उद्या दिवसभर हॉलवर किल्ला आणि आकाशकंदिलांचं बघायचंय. सोमवारी नक्की बघतो.

प्रेषक: अण्णा, कॉव्हेंट्री
शनिवार रात्री ११.०९

सोमवारी नरकचतुर्दशी आहे. अभ्यंगस्नानाला पहाटे उठशीलच, तेव्हाच बघ.

प्रेषक: वेबसाईटवाला
रविवार रात्री १२.५०

अण्णा, पहाटेपर्यंत थांबलो नाही. हॉलवरून आलो तो थेट बसलो. चूक सापडली आणि ती माझीच आहे, म्हणून नीट सांगतो.

आपलं दुकान वूकॉमर्स नावाच्या ऑनलाईन विक्रीच्या सॉफ्टवेअरवर चालतं. त्यात प्रत्येक वस्तूसमोर दोन चौकोन असतात, 'व्हर्च्युअल' (म्हणजे पोस्टाने पाठवायची नाही) आणि 'डाउनलोडेबल'. दोन्हींवर टिक असेल तरच पैसे आल्याबरोबर ऑर्डर आपोआप 'कम्प्लीटेड' होते. ऑगस्टमध्ये ई-अंक दुकानात मांडताना मी फक्त 'डाउनलोडेबल'वर टिक केली. त्यामुळे दुकानाची समजूत अशी झाली की ही वस्तू डाउनलोडही होते आणि खोक्यात घालून पाठवायचीही आहे. म्हणून म्युनिकचा पत्ता मागितला, म्हणून टपालखर्च लावला, आणि 'माल पाठवला' असं कोणी हाताने सांगेपर्यंत ऑर्डर 'प्रोसेसिंग'मध्ये अडकून राहिली. हाताने कोण सांगणार होतं? मला वाटत होतं आपोआप होतंय. खजिनदारांना वाटत होतं मी करतोय.

जोडअंकाचं दुखणं वेगळं. त्यात खरोखरचा छापील अंक आहे, त्यामुळे अंक पोस्टात पडेपर्यंत ती ऑर्डर प्रोसेसिंगमध्ये राहायलाच हवी. पण तेवढ्यासाठी पीडीएफ अडून राहू नये म्हणून सेटिंगमध्ये 'पैसे आल्यावर डाउनलोड खुलं करा' असा आणखी एक चौकोन असतो. तो मुळात चालूच असतो. बंद मी केला. गेल्या वर्षी एकाने अंक उतरवून घेऊन पैसे परत मागितले होते, आणि कमिटीत त्यावर पाऊण तास काथ्याकूट झाला होता, आठवतंय ना? तेव्हा सगळ्यांच्या समाधानासाठी मी म्हणालो होतो, 'यंदा पैसे नीट जमा झाल्याशिवाय डाउनलोड उघडणारच नाही.' एका माणसाला अडवायला दार बंद केलं आणि सगळे बाहेर राहिले.

चाचणी केली होती का, असं कोणी विचारायच्या आत सांगतो. केली होती. पण ती ऑर्डर माझी मीच आतून 'कम्प्लीटेड' केली होती. मग लिंक यायचीच.

तर आता दोन्ही टिका लावल्या आणि ते दार उघडलं. पण नव्या सेटिंगचा जुन्या ऑर्डरींना उपयोग नाही. एकूण ४१ अडकल्या होत्या. नुसत्या ई-अंकाच्या २६ कम्प्लीट केल्या आणि जोडअंकाच्या १५ एकेक उघडून डाउनलोडची परवानगी नव्याने दिली. अण्णा, तुमची पहिली केली.

काकूंची फाईल अर्ध्यावर का थांबते तेही कळलं. छापखान्याला दिलेलीच पीडीएफ आपण वर चढवली होती, २१२ एमबीची. छपाईला चित्रं ३०० डीपीआय लागतात, पडद्यावर वाचायला १५० पुरेत. बारीक करून २७ एमबी झाली. अक्षर तेच, जोडाक्षरं फुटलेली नाहीत, मुखपृष्ठावरची पैठणी किंचित फिकी दिसते. काकू, एक लिंक तीनदाच चालते, तुमची मोजणी पुन्हा शून्यावर आणली आहे.

आणि स्पॅमचं. साईटवरून जाणाऱ्या मेलवर डीकेआयएमची सही (मेल खरंच आपल्याकडूनच निघाल्याची डिजिटल खूण) नव्हती. म्हणजे लखोटा आपला, पण आत सही नाही, असं काहीसं. २०२४च्या फेब्रुवारीपासून जीमेल आणि याहू दोघेही या बाबतीत कडक झालेत. ती सही उद्या जोडतो.

प्रेषक: खजिनदार
सोमवार सकाळी ८.२०

फराळ झाला. आता पैशांचं.

म्युनिक आणि इतर ज्यांनी टपालखर्च भरला त्यांचा तो आजच परत केला. मागायची वाट पाहिली नाही. ते पैसे आपले नव्हतेच.

पूर्ण परतावा दोघांनी मागितला, दोघांनाही दिला. कमिटीतले काही जण म्हणतील, दोन दिवसांच्या उशिरासाठी परतावा कशाला? कारण आपण साईटवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दिवाळीच्या आत तुमच्या हातात'. इथल्या २०१५च्या ग्राहक कायद्यानुसार एरवी वस्तू ३० दिवसांत पोचवली तरी चालते. पण ठरलेल्या दिवशी मिळणं हाच सौद्याचा गाभा असेल आणि तो दिवस हुकला, तर ग्राहक सरळ सौदा मोडू शकतो. दिवाळी अंक तुळशीच्या लग्नाला मिळून काय उपयोग, असं कोणी म्हणालं तर आपल्याकडे उत्तर नाही. परतावा केला तरी पेमेंट कंपनी आपलं कमिशन सोडत नाही, ते अंगावर पडतं. पण माणूस चिडून बँकेकडे गेला आणि चार्जबॅक आला (म्हणजे बँकेनेच पैसे मागे खेचले) तर त्याचा दंड त्याहून जास्त.

डाउनलोडला चौदा दिवसांत रद्द करायचा हक्कही २०१३च्या नियमांत आहे. 'आत्ताच डाउनलोड द्या, त्यानंतर रद्द करायचा हक्क जाईल हे मला ठाऊक आहे' असं ग्राहकाने आधी मान्य केलं, तरच डाउनलोड सुरू झाल्यावर तो हक्क संपतो. आपल्या चेकआउटवर ही टिकच नव्हती! म्हणजे गेल्या वर्षीचे ते गृहस्थ, ज्यांच्यावर आपण पाऊण तास घालवला, ते नियमाने बरोबर होते. ती टिक आज लावून घे रे.

आणखी एक, जरा गमतीचं. आपली उलाढाल व्हॅटच्या ९०,००० पौंडांच्या जवळपाससुद्धा नाही, त्यामुळे इथल्या ग्राहकांसाठी व्हॅटचा प्रश्न येत नाही. (आला असता तरी ई-पुस्तकांना १ मे २०२०पासून शून्य दर आहे. ऑडिओला मात्र नाही, तिथे पूर्ण २० टक्के. वाचलं तर फुकट, ऐकलं तर कर!) पण ब्रेक्झिटनंतर युरोपातल्या ग्राहकाला आपोआप डाउनलोड विकला, तर पहिल्या अंकापासूनच तिथला व्हॅट लागतो. किमान मर्यादाच नाही. म्युनिक, डब्लिन, आइंडहोवन धरून आपले तिकडचे ग्राहक नऊ. नऊ अंकांसाठी युरोपात नोंदणी करायची आणि दर तिमाहीला विवरण भरायचं? एचएमआरसीच्या, म्हणजे इथल्या करखात्याच्या, मार्गदर्शक पानावर एक तक्ता आहे. पीडीएफ साईटवरून आपोआप उतरली तर ती 'डिजिटल सेवा', पण विकणाऱ्या माणसाने स्वतः हाताने मेलला जोडून पाठवली तर नाही. तेव्हा या नऊ जणांना काकू मेलने पाठवतील. जीमेलला २५ एमबीपर्यंतच जोडता येतं, फाईल २७ आहे. अजून थोडी बारीक कर.

प्रेषक: वेबसाईटवाला
सोमवार सकाळी ८.४५

म्हणजे मी सहा महिने आपोआप व्हावं म्हणून धडपडलो आणि युरोपसाठी काकूच बऱ्या. युरोपचे देश चेकआउटवरून काढले. फाईल २२ एमबी केली. पैठणी आता जवळजवळ सुती दिसते.

प्रेषक: ताई, संपादक
सोमवार दुपारी १.१०

आता माझी कबुली. पीडीएफचं निस्तरलं, पण ऑडिओ लक्ष्मीपूजनाला देणार म्हणून आपण जाहीर केलं होतं, ते जमणार नाही. अकरा कथांपैकी नऊ तयार आहेत. एका आजींनी खोकल्यामुळे अर्धी कथा पुन्हा वाचायची ठरवली आहे. दुसऱ्या कथेत मागे फ्रीज घूं घूं करतोय, ती पुन्हा रेकॉर्ड करावी लागेल. गुरुवारी, भाऊबीजेला देऊ शकते.

सेक्रेटरींचं म्हणणं, आत्ताच काही बोलायला नको, गुरुवारी एकदम लिंक पाठवू, कोणाच्या लक्षातही येणार नाही. मला हे पटत नाही. शनिवारी लोक चिडले ते उशिराने नव्हे, 'प्रोसेसिंग' या एका शब्दापलीकडे आपण काही बोललोच नाही म्हणून. मी आज सगळ्या ऑडिओवाल्यांना हे पाठवतेय, कोणाला बदल सुचवायचा असेल तर तासाभरात सांगा:

'स.न.वि.वि. आपण मागवलेल्या कथांच्या ऑडिओ आवृत्तीस तांत्रिक कारणास्तव विलंब होत आहे. गैरसोयीबद्दल दिलगिरी. सहकार्याबद्दल धन्यवाद.'

प्रेषक: अण्णा, कॉव्हेंट्री
सोमवार दुपारी १.३८

ताई, हे वाचून मला आमच्या जुन्या ऑफिसातला सूचनाफलक आठवला. तांत्रिक कारण कुठलं? आजींना खोकला झालाय, तसं लिहा की! आणि कधी मिळणार ते लिहिलंच नाहीत. नको असेल तर काय करायचं, तेही नाही. अजून सहकार्य केलेलं नाही आणि धन्यवाद आधीच! मी असं लिहिलं असतं:

'नमस्कार. ऑडिओ उद्या देणार होतो, तो गुरुवारी भाऊबीजेला संध्याकाळपर्यंत मिळेल. दोन कथा पुन्हा रेकॉर्ड करतोय, एकीत आजींचा खोकला आहे आणि एकीत फ्रीज. तयार असलेल्या नऊ कथा आजच खालच्या लिंकवर ऐका. थांबायचं नसेल तर या मेलला "परत" एवढं उत्तर द्या, ऑडिओचे पाच पौंड परत येतील. ई-अंक तुमचाच राहील.'

प्रेषक: ताई, संपादक
सोमवार दुपारी २.०५

अण्णा, तुमचंच पाठवलं. एका अक्षराचाही बदल नाही. पुढच्या वर्षी संपादकीय लिहिता का?

प्रेषक: काकू, लेस्टर
मंगळवार सकाळी ११.००

लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा सगळ्यांना. ऑडिओच्या लिंकबद्दल सकाळपासून सहा फोन आले. झिप नावाचं जे काय आहे ते आयफोनवर उतरतं, पण 'फाईल्स'मध्ये जाऊन बसतं आणि लोक गाण्यांच्या ॲपमध्ये शोधतात. एका मावशींना मी अर्धा तास फोनवर 'निळ्या फोल्डरवर बोट ठेवा' सांगत होते. शेवटी कळलं, त्या घरच्या लँडलाईनवरून नाही तर त्याच मोबाईलवरून बोलत होत्या, फोन कानाला लावून! झिप बंद करा.

प्रेषक: वेबसाईटवाला
मंगळवार सकाळी ११.२५

काकू, झिप काढली. प्रत्येक कथेची वेगळी लिंक, दाबली की थेट वाजेल. नुसता बोलण्याचा आवाज असल्याने ६४ केबीपीएस मोनो ठेवलाय, तासाला साधारण २९ एमबी. गावाकडच्या नेटवरही चालेल.

आता 'परत' म्हणून किती उत्तरं आली ते सांगतो. एक. आणि त्याखाली त्यांनीच लिहिलंय, 'चुकून गेलं, थांबतो.'

प्रेषक: वेबसाईटवाला
भाऊबीज, गुरुवार सायंकाळी ६.१०

अकराही कथा गेल्या. आजींचा आवाज उत्तम आलाय. फ्रीज गेला, पण त्याच कथेत आता अकराव्या मिनिटाला कुकरची शिट्टी आहे. ताई म्हणतात, राहू दे.

प्रेषक: अण्णा, कॉव्हेंट्री
गुरुवार रात्री ८.००

छापील अंक आज सकाळी पोस्टमनने दारातून आत टाकला. त्याबद्दल आभार. पण आत्ता ई-अंक उघडायला गेलो तर 'डाउनलोडची मर्यादा संपली'. मी तर एकदाच उतरवला. पुन्हा गोंधळ?

प्रेषक: वेबसाईटवाला
गुरुवार रात्री ८.२०

अण्णा, गोंधळ नाही. किती वाजता, कुठून उतरवला, याची नोंद दुकान ठेवतं. लिस्टवर सांगत नाही, तुम्हाला वेगळी मेल केली आहे.

प्रेषक: अण्णा, कॉव्हेंट्री
गुरुवार रात्री ९.०५

बरं, लिस्टवर मीच सांगतो. लिंक मी सांगलीला धाकट्या भावाला पाठवली होती, त्याने ती आमच्या पुण्याच्या बहिणीला धाडली. भाऊबीज ना! त्या दोघांच्या नावाने आत्ताच दोन ई-अंक विकत घेतले. पत्ता विचारला नाही, टपालखर्च लावला नाही. मी चष्मा लावेपर्यंत ऑर्डर 'कम्प्लीटेड' झाली.