बीबीसीची 'शेरलॉक' आणि मूळ गोष्टी, साम्यं कोणी नोंदवलीत का? (स्पॉयलर आहेत)

पानोपानी
२०१० ची 'शेरलॉक' परत बघतेय, यावेळी आधी 'अ स्टडी इन स्कार्लेट' (१८८७) वाचून काढली आणि मग पहिला एपिसोड लावला. गाडीवाला खुनी, त्याचं अ‍ॅन्युरिझम (रक्तवाहिनीला आलेला फुगा), दोन गोळ्यांतली एक विषारी, सगळं तेच. पण पुस्तकात भिंतीवर रक्ताने 'राखे' (Rache) लिहिलेलं असतं, पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला वाटतं रेचल (Rachel) लिहिता लिहिता राहिलं आणि होम्स सांगतो की जर्मनमध्ये याचा अर्थ सूड. सिरियलमध्ये मरणारी बाई तीच अक्षरं नखाने जमिनीवर कोरते, तर सूडवाली थिअरी पोलिसांचा फोरेन्सिकवाला अँडरसन मांडतो, शेरलॉक ती उडवून लावतो आणि ते खरंच रेचल निघतं! पुस्तक वाचलेल्यालाच बरोब्बर चकवलंय. अजून असं काय सापडलं तुम्हाला?

जुनं_घड्याळ
फोनवाला सीन. 'द साइन ऑफ फोर'मध्ये (१८९०) वॉटसनच्या घड्याळावर किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे असतात, त्यावरून होम्स ओळखतो की भाऊ दारूडा होता. इथे फोनच्या चार्जिंगच्या जागेभोवती ओरखडे. फक्त शेरलॉक भाऊ म्हणतो आणि हॅरी निघते बहीण, हॅरिएट. त्याचं चुकणं मला फार आवडलं, त्याने तो माणूस वाटतो.

केसपेपर
मग 'हाऊस' ही डॉक्टरची सिरियल पण बघ (२००४). हाऊस-होम्स, विल्सन-वॉटसन, घराचा नंबर २२१बी, होम्सच्या कोकेनच्या जागी व्हायकोडिन ही वेदनाशामक गोळी. नावं जुळवणं सोपं आहे, खरी गंमत अशी की होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांना होम्स सुचला तो एडिंबराच्या त्यांच्या सरांवरून, डॉ. जोसेफ बेल, जे पेशंटकडे नुसतं बघून त्याचा धंदा काय ते सांगायचे. म्हणजे डॉक्टरचा डिटेक्टिव्ह झाला आणि जवळजवळ सव्वाशे वर्षांनी टीव्हीवर परत डॉक्टर झाला, गुन्हेगाराच्या जागी आजार.

चौथा_मजला
अजून मागे जा, लेखक एडगर अ‍ॅलन पोचा डिटेक्टिव्ह द्युपँ, १८४१. हुशार विक्षिप्त माणूस, सोबत राहणारा मित्र आणि तोच गोष्ट सांगणार. स्कार्लेटमध्येच होम्स द्युपँला अगदी सामान्य ठरवतो, पण साचा तिथलाच आहे.

पानोपानी
केसपेपर, हे डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू! काल रात्री परत राखेपाशीच अडकले. पुस्तकातला खुनी गाडीवाला होप त्याच्या प्रेयसीसाठी, ल्युसीसाठी मारतो, सूड हेच त्याचं कारण. सिरियलमधला ड्रायव्हर मारतो कारण प्रत्येक खुनामागे त्याच्या पोरांना पैसे मिळणार असतात. गोष्टीतून सूडच काढून टाकला म्हटल्यावर त्या शब्दाचा अर्थ तरी सूड कसा राहणार? आणि रेचल कोण, तर त्या बाईची जन्मतःच गेलेली मुलगी. एक जण आपल्या पोरांसाठी खून करतोय आणि त्याच्या हातून मरणारी आपल्या पोरीचं नाव कोरतेय. हे पहिल्यांदा बघताना माझ्या अजिबात लक्षात आलं नव्हतं.