४० सेशनमध्ये चष्मा सुटतो म्हणे!

चष्मिश_गिरगाव: सोसायटीच्या ग्रुपवर फिरतंय: 'व्हिजन थेरपी, ४० सेशन. चष्मा सुटेल, तिरळेपणा जाईल, अभ्यासात मागे पडलेलं मूल पुढे येईल.' म्हणजे डोळ्यांचे व्यायाम. थोतांड! मायनस नंबरात डोळाच मागेपुढे लांबलेला असतो, तो व्यायामाने आखूड होणार? डिस्लेक्सियात, म्हणजे वाचनाच्या अडचणीत, गाडी अडते ती अक्षर आणि ध्वनीची सांगड घालताना. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञ संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदन काढलं, की त्यावर ही थेरपी चालते याला पुरावा नाही.

दोन_दोऱ्या: पोस्ट भंगार, मान्य. म्हणून थेरपीही भंगार? कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी घ्या, म्हणजे जवळचं बघताना दोन्ही डोळे पुरेसे आत वळत नाहीत. लांबचं ६/६, पण पुस्तक धरलं की थोड्या वेळात ओळी एकमेकींवर चढतात. याच दोषाच्या उपचारांवरचा २००८ चा सीआयटीटी अभ्यास: ९ ते १७ वयाची २२१ मुलं, १२ आठवडे. क्लिनिकमध्ये आठवड्याला तासभर आणि घरी सराव, तिथे ७३ टक्के बरी झाली किंवा सुधारली. घरी नुसता पेन्सिल नाकाकडे आणत बघण्याचा व्यायाम, ४३. नकली थेरपी, ३५.

चष्मिश_गिरगाव: आणि याच दोषावरचा २०१९ चा? ३११ मुलं, १६ आठवडे. वाचनाचं आकलन नकली थेरपीवाल्यांचंही तेवढंच वाढलं. हा आकडा बरा गाळला!

दोन_दोऱ्या: मार्क वाढतात असं मी कुठे लिहिलं? त्याच अभ्यासात डोळे आत वळवण्याची ताकद नकलीपेक्षा जास्त वाढली, ते तुम्ही गाळलंत.

लालबाग_ऑप्टो: भांडा निवांत. पेन्सिल फसते ती लोक नुसती हलवतात म्हणून. टोकाजवळचं एक अक्षर बघत हातभर अंतरावरून सावकाश नाकाकडे आणायची. दोन दिसली की थांबून एक करायचा प्रयत्न, नाहीच जमलं तर मागे. खरी गोम अशी की मेंदू एका डोळ्याचं चित्र बंद करतो. मूल म्हणतं 'एकच दिसतेय', घरचे खूश! म्हणून पेन्सिलीच्या मागे, समोरच्या भिंतीवरचं कालनिर्णय दोन दिसतंय का, ते विचारा. एकच दिसलं तर व्यायाम एकाच डोळ्याने चाललाय.

दोन_दोऱ्या: त्यापेक्षा ब्रॉक स्ट्रिंग. तीन मीटर पांढरी दोरी, तीन रंगांचे मणी, एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं नाकाच्या शेंड्याशी. मधल्या मण्याकडे बघितलं की एकाच दोरीच्या दोन दिसतात आणि त्या मण्यातच फुली मारतात. फुली मण्याच्या पुढे, म्हणजे तुमच्या बाजूला, पडली तर डोळे जास्त वळलेत. पलीकडे पडली तर कमी. एक दोरी गायब झाली तर एक डोळा बंद.

८_१२_फास्ट: तीन मीटर? मुंबईत? दोरी लावायची तर फ्रिज हलवावा लागेल! आणि मूळ दुखणं कुणी बोलतच नाही: हलत्या लोकलमध्ये वीतभर अंतरावर मोबाईल धरून सिरियल बघणारी जनता. तिच्यावर काढा धागा.

लालबाग_ऑप्टो: दीड मीटरने सुरुवात करा, फ्रिज राहू द्या. मणी भुलेश्वरला मिळतील. भोक दोरीला घट्ट बसणारं बघा, नाहीतर मणी घसरत नाकावर येतो.

चष्मिश_गिरगाव: वा, आता मण्यांचा बाजार! हे वाचून उद्या कुणीही दोरी बांधेल. लहानपणापासून तिरळेपणा असलेल्या मोठ्या माणसाचा मेंदू एक चित्र दाबून ठेवतो म्हणून त्याला दोन दिसत नाहीत. तो दाब व्यायामाने उठवला आणि डोळे जुळलेच नाहीत, तर कायमचं दोन दिसत राहील. मोठ्या वयात अचानक दोन दिसू लागलं तर आधी मधुमेह, रक्तदाब, मेंदूच्या नसा तपासायच्या. मणी मागाहून.

दोन_दोऱ्या: हे बरोबर आहे. लिहितानाही त्रास होतोय, पण बरोबर आहे.

चष्मिश_गिरगाव: उपकार झाले. मीही कन्व्हर्जन्सपुरती दोरी मानली. ४० सेशनचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला मात्र एकच विचारा: कोणता दोष, आज पेन्सिल नाकापासून किती सेंटिमीटरवर आली की दोन दिसतात, आणि पुन्हा कधी मोजणार?

८_१२_फास्ट: आणि मोबाईल?