टॉम डूली निष्पाप? मग लॉरा फॉस्टर कोण होती?

रानवारा:
परवा इथे एकाने लिहिलं, 'टॉम डूली म्हणजे प्रेमापायी फासावर चढलेला निष्पाप पोरगा.' खाली सगळे हळहळले. डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

किंग्स्टन ट्रिओ या अमेरिकन लोकगीत गाणाऱ्या त्रिकुटाचं १९५८ चं 'टॉम डूली' हे गाणं सगळ्यांना पाठ आहे. पण गाण्यातला डूली म्हणजे खरा टॉम डूला, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीचा. मे १८६६ मध्ये लॉरा फॉस्टर बापाची घोडी घेऊन घरातून निघाली ती परतलीच नाही. पुढे उथळ खड्ड्यात प्रेत सापडलं, सुऱ्याने भोसकलेलं. खुनाचा आळ टॉमवर आला. त्याच्या बाजूने खटला माजी गव्हर्नर झेब्युलन व्हान्स यांनी फुकट लढवला. वरच्या कोर्टाने पहिला निकाल रद्द केला, तर दुसऱ्या ज्युरीनेही दोषीच ठरवलं. १ मे १८६८ ला स्टेट्सव्हिलला फाशी. आणखी किती संधी द्यायची? गाण्यात मारेकऱ्याचं नाव कडव्याकडव्याला, आणि मेलेल्या मुलीला नावसुद्धा नाही!

खडकमाळ:
साफ असहमत. खून होताना कुणी पाहिला नव्हता. मुख्य साक्षीदार पॉलीन फॉस्टर, तिलाच आधी अटक झाली होती. टॉमचं ॲन मेल्टनशी जुनं लफडं, तिचं लग्न झालेलं. खून तिनेच केला असं तिकडे पिढ्यान् पिढ्या बोललं जातं. फाशीच्या आदल्या रात्री टॉमने चिठ्ठी लिहून सगळं स्वतःवर घेतलं आणि ॲन सुटली. अमेरिकी गृहयुद्धात युद्धकैद भोगून आलेला विशीतला पोरगा होता तो.

रानवारा:
चिठ्ठीत 'मीच केलं, दुसऱ्या कुणाचा हात नाही' असं लिहिलंय. तुम्ही तीच निर्दोषपणाचा पुरावा म्हणून पुढे करताय?

चिपळी:
खुनावर दीडशे वर्षं बोलून झालंय. फ्रँक प्रॉफिटवर कोण बोलणार? तंबाखू पिकवणारा, हाताने बॅन्जो बनवणारा माणूस. टॉम आणि लॉराला ओळखणाऱ्या आजीकडून आलेलं गाणं त्याने १९३८ मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या फ्रँक वॉर्नरला ऐकवलं. पुढे त्यावर ट्रिओ पहिल्या क्रमांकावर गेला, कंट्री संगीताचं ग्रॅमी मिळालं. याला हिस्सा मिळाला तो १९६२ च्या तडजोडीनंतर, बडी कमाई होऊन गेल्यावर. आमचे मामा गोंधळी. त्यांची पदं एक कॅसेटवाला भरून घेऊन गेला, वर छापलं 'पारंपरिक'. मामांना एक चहा मिळाला.

खडकमाळ:
मामांचं वाईट वाटलं, पण गाणं प्रॉफिटच्या मालकीचं कसं? ग्रेसन आणि व्हिटर या गायक जोडीने १९२९ मध्येच रेकॉर्ड केलं होतं. लोकगीतावर एकाच घराचा सातबारा नसतो.

चिपळी:
मग ट्रिओचा कसा झाला? गरिबाने मागितलं की 'लोकांचं', शहरातल्या पोरांनी छापलं की कॉपीराइट! मामांच्या तोंडावर बोलून दाखवा हे.

खडकमाळ:
आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही. ट्रिओने श्रेय द्यायला हवं होतं, एवढं मान्य. त्यापुढे नाही.

रानवारा:
पैशाचा वेगळा धागा काढा, तिथेही येईन. इथे प्रश्न लॉराचा आहे. ॲनचा हात असेलही, चला, तेवढं धरून चालू. मग दोघांनी मिळून मारलं म्हणा. तरी टॉम निष्पाप कुठून ठरतो, ते खडकमाळ यांनी अजून सांगितलेलं नाही.

खडकमाळ:
निष्पाप नव्हे, गुन्हा सिद्ध न झालेला. फासावर न चढवायला तेवढा फरक पुरेसा असतो.