'फॅदम'चं मराठी काय करायचं?

'आय कान्ट फॅदम इट' हे मराठीत कसं आणाल? डिक्शनरीत फॅदम म्हणजे पाण्याची खोली मोजायचं सहा फुटांचं माप असं दिलंय, मग त्याचा समजण्या-न समजण्याशी संबंध काय?

—

संबंध आहे, आणि तो हातांमधून आलाय. दोन्ही हात आडवे पसरले की या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंत जेवढं अंतर भरतं तो एक फॅदम, सहा फूट म्हणजे १.८२८८ मीटर हे नंतर पक्कं केलेलं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच पसरलेले हात, मिठी असा होता आणि डॅनिश भाषेतला त्याचा सख्खा भाऊ आजही कवेसाठी वापरतात. क्रियापदाचंही तसंच झालं, आधी कवेत घेणं, मग खोली मोजणं, मग एखाद्या गोष्टीच्या तळापर्यंत जाऊन ती समजून घेणं. आपणही 'आवाक्यात येत नाही' म्हणतोच की!

मोजायची पद्धत बघितली की शब्द आणखी उलगडतो. दोरीच्या टोकाला शिशाचं वजन बांधून जहाजावरून सोडायचे, दोरीवर ठराविक फॅदमवर खुणा असायच्या, दोनवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं फडकं, सातवर लाल, आणि या खुणांचे जिन्नस मुद्दाम वेगवेगळे, म्हणजे काळोखात नुसत्या बोटांना कळावं किती पाणी आहे. वजनाच्या बुडाला खळगा असायचा, त्यात चरबी भरायची, तिला चिकटून खालची वाळू, शिंपल्याचे तुकडे वर यायचे. म्हणजे तळ किती खोल आहे एवढंच नाही तर तो कसा आहे हेही कळायचं. मला वाटतं 'समजणं' हा अर्थ इथेच अगदी चपखल बसतो. मिसिसिपी नदीवर दोन फॅदम पाणी लागलं की 'मार्क ट्वेन' असा पुकारा व्हायचा, बोटीला तेवढं पुरे, आणि सॅम्युएल क्लेमेन्सने लेखक म्हणून घेतलेलं नाव ते हेच.

आता मराठी. 'मी ते समजू शकत नाही' असं भाषांतर सर्रास दिसतं आणि ते वाचून खरंच वाईट वाटतं, कारण त्यातलं पाणीच आटून जातं. आपल्याकडे थांग आहे ना! 'मला याचा थांगच लागत नाही.' गंमत म्हणजे फॅदमसारखाच थांगही बहुतेक वेळा नकारातच येतो, 'थांग लागला' असं क्वचितच कुणी म्हणतं. होकारी वाक्य असेल, कुणी समजून घ्यायचा प्रयत्न करतंय, तर ठाव घ्या, 'तिच्या मनाचा ठाव घ्यायचा तो प्रयत्न करत होता'.

—

मग अनफॅदमेबल म्हणजे अथांग, झालं ना?

—

समुद्राला, मायेला, डोळ्यांना चालेल. पण इंग्रजीत अनफॅदमेबल हे क्रूरपणाला, एखाद्याच्या विचित्र निर्णयालाही लावतात आणि तिथे अथांग बसत नाही, कारण आपल्या अथांगमध्ये एक भव्यता आहे, ओढ आहे, 'अथांग क्रौर्य' कानाला खटकतंच. तिथे सरळ 'कल्पनेपलीकडचं' किंवा 'अनाकलनीय' लिहावं.

आणि नुसतं माप म्हणून फॅदम आलं असेल तर त्याला अस्सल मराठी शब्द आहे, वाव. पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर, अगदी तीच कल्पना, मासेमारीला जाणारे लोक पाणी किती हे वावात सांगतात. 'संधीला वाव' म्हणतो तो वाव अर्थाने वेगळा, त्यामुळे वाक्यात आकडा असला की घोळ होत नाही, 'इथे दहा वाव पाणी आहे'. कथेत कोळी बोलत असेल तर त्याच्या तोंडी फॅदम घालूच नका.